टाच उघडी ठेवून बांधलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी क्रेप बँडेजची पट्टी आहे, आणि मी रागावले आहे.

मला विणलं तेव्हाच माझ्या धाग्यांत ताण भरला होता. तोच माझा गुण. पायाच्या बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत मला नीट गुंडाळलं, तर खाली साचलेलं रक्त वर सरकायला मदत होते. नांदगावच्या औषधांच्या दुकानातून मी काशीबाईंच्या घरी आले, तेव्हा वाटलं, आता कामाला लागायचं!

काशीबाई काजूच्या कारखान्यात वीस वर्षं उभ्यानं राबल्या होत्या. डाव्या पोटरीवर शिरा फुगल्या, घोट्यावरची कातडी काळी पडली आणि तिथे जखम झाली. ती सहा वर्षं भरली नव्हती. माझ्याआधीच्या कितीतरी पट्ट्या तिथे विरून गेल्या होत्या.

मलमपट्टी करणारा माणूस एक दिवसाआड यायचा. औषध लावून मला घोट्याभोवती चार सैल वेढे मारायचा. टाच उघडीच. जखम झाकली, काम संपलं! फुगलेल्या शिरांकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

जखमेला वास यायचा. माझ्याआधीच्या पट्ट्यांनी मला सांगितलं, धाकटे दीर दत्ताराम पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "वैनी, तुमी पडवीत जेवा. पोरांका वास सोसणा नाय." घरात शब्द त्यांचाच चाले. काशीबाई रडल्या नाहीत, उठून गेल्या. ओमकार, त्यांचा सख्खा मुलगा, तोही खाली मान घालून जेवत राहिला. ते आठवलं की माझे धागे आजही तापतात.

मग ओमकारचं लग्न झालं, विनीता सून म्हणून आली. आठव्या दिवशी तिनं मला सोडवून पाय पाहिला.

"आये, ह्यो शिरा कोणी तपासल्यानी काय?"

"नाय गो. सगळे जखमच बघतत."

विनीतानं शिरांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. "थंय जाव नकात, पाय कापतले," दत्ताराम ओरडले. तिनं ऐकलं नाही, काशीबाईंना घेऊन गेलीच.

डॉक्टर अक्षयांनी आधी पावलाची नाडी पाहिली. मग काशीबाईंना उभं करून सोनोग्राफीचं यंत्र पायावरून फिरवलं.

"मावशी, शिरेच्या झडपा निकामी झाल्यात. रक्त वर चढायच्या ऐवजी घोट्याशी साचतं. जखम भरणार कशी?"

"पाय कापूचो लागतलो?"

"छे! सुईच्या छिद्रातून लेझरची तार घालून ती शीर बंद करू. रक्त चांगल्या शिरांतून जाईल."

भूल फक्त पायापुरती दिली. त्याच दुपारी काशीबाई स्वतः चालत बाहेर आल्या. नवी पट्टी मिळाली, ती धुतली की माझी पाळी. आता टाच झाकून, बोटांपासून वर, ताणून. तीन महिन्यांत जखम भरली. एवढ्याशा कामासाठी सहा वर्षं!

जखम भरली म्हणून घरी घातलेल्या पूजेच्या जेवणात दत्ताराम म्हणाले, "बघलात? देवान माझा गाऱ्हाणा ऐकल्यान."

काशीबाईंनी वाढता वाढता डाव खाली ठेवला. "ऐकल्यान आसात, भावोजी. पण सहा वर्सां माका पडवीत जेवक घातलात, ता देवान सांगल्यान काय?"

दत्तारामांची मान खाली गेली. ओमकारनं आपल्या शेजारी आईसाठी पाट मांडला.

मित्रांनो, कुणाच्या पायावर शिरा फुगल्या असतील, घोट्याची जखम भरत नसेल, तर मलमावर वर्षं घालवू नका. शीर तपासून घ्या. आणि जखमेला वास येतो तो उपचार झाला नाही म्हणून. तो त्या माणसाचा वास नसतो.