थट्टा नाही, डॉक्टर

सिस्टर वासेमाथांच्या मते उनाइसीकडे सगळं होतं, फक्त तोंड नव्हतं. अतिदक्षता विभागात शिकायला आलेल्या मुलींत तिच्याइतक्या हळुवार हाताने पेशंटची कूस बदलणारी दुसरी नव्हती. पण कुणी मोठ्या माणसाने तिच्या डोळ्यांदेखत चूक केली, तरी ही बाई तोंडातून ब्र काढायची नाही. मान खाली, नजर जमिनीवर. चांगल्या घरची मुलगी अशीच असते असं तिच्या गावात सगळे मानतात, आणि सूवा शहरातल्या या इस्पितळात नेमकं तेच तिच्या मुळावर आलं होतं.

सिस्टरांनी तिला बेसिनपाशी गाठलं. "मुकी नर्स म्हणजे पेशंटच्या जिवाला घोर. शुक्रवारपर्यंत एकदा तरी कुणाला थांबवून दाखव. नाही जमलं तर मी पास करणार नाही. पुढच्या वर्षी परत यायचं."

उनाइसीला आधी गाव आठवलं. नाम्बुली गावाने तिच्या पास होण्याच्या जेवणासाठी एक डुक्कर राखून ठेवलं होतं. पोरंसोरं त्याला 'नर्स' म्हणूनच हाका मारत.

दुपारी कँटीनमध्ये मुलींनी यावर भरपूर तोंडसुख घेतलं. परदेशातून आलेल्या बाईंनी वर्गात तीन वाक्यं घोकून घेतली होती. आधी म्हणायचं, मला काळजी वाटते. मग म्हणायचं, मला अस्वस्थ वाटतंय. तरी समोरचा ऐकेना, तर म्हणायचं, हे सुरक्षित नाही, थांबा.

"आमच्या गावात मी काकांना म्हटलं ना, मला अस्वस्थ वाटतंय," उनाइसी म्हणाली, "तर ते चटई आणतील आणि म्हणतील, पड जरा."

"आमच्याकडे आजी लिंबू ओवाळेल," सुनीला म्हणाली. ती लांबासाची, उसाच्या मळ्यातली. तिने आपली रोटी मोडून अर्धी उनाइसीच्या उकडलेल्या कसाव्याच्या कंदावर ठेवली. "पण तू बोल गं काहीतरी. वॉर्डबॉयला तरी थांबव."

"तो मामा लागतो माझा."

सुनीलाने कपाळावर हात मारला.

बुधवारी मोठे डॉक्टर रजेवरून परतले. डॉक्टर अपाकुकी म्हणजे दार भरून टाकणारा देह आणि तसाच आवाज. त्यांनी नव्या मुलींना रांगेत उभं करून प्रत्येकीला गाव विचारलं. उनाइसीने जमिनीला सांगितलं, "नाम्बुली."

"नाम्बुली!" डॉक्टर असे गरजले की दोन यंत्रं उगीचच वाजू लागली. "खेकडेचोर! सिस्टर, औषधांचं कपाट सांभाळा! मी यानुलेवूचा!"

विभागातले सगळे हसले, कारण त्या दोन गावांचं नातं सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच मूळपुरुषाची लेकरं म्हणून ती एकमेकांची ताउवू. ताउवूने ताउवूला वाट्टेल ते बोलावं, त्याच्या ताटातलं उचलून खावं, अंगावरचा शर्ट मागून न्यावा. राग धरायचा नाही, लहान-मोठं बघायचं नाही. जो चिडला तो हरला.

आणि काय सांगावं, उनाइसीने मान वर केली! जन्मभर मिटलेलं ते तोंड उघडलं आणि आतून पट्टाच सुटला.

"यानुलेवूचा का? तरीच वास आला. हात धू आधी. तुमच्या बेटावर पाणी फक्त होडी बुडाल्यावर अंगाला लागतं."

डॉक्टर पोट धरून हसले आणि निमूटपणे बेसिनकडे गेले. सिस्टर वासेमाथांच्या हातातला थर्मामीटर पडता पडता राहिला. दोन वर्षं त्या या माणसाला हात धुवायला सांगत होत्या.

त्यानंतर दोन दिवस विभागात नुसती करमणूक होती. डॉक्टरांनी तिचं पेन पळवलं, तिचा कसावा खाल्ला. तिने त्यांना मास्क नाकावर घ्यायला लावला, "हे नाक बघून पेशंट शुद्धीवर आला तर परत बेशुद्ध पडेल" म्हणून. सुनीला म्हणाली, "बाई, तुझा प्रश्न सुटला." उनाइसीलाही तसंच वाटलं. पास झाल्याचं जेवण तिला दिसू लागलं.

शुक्रवारी सेरुपेपेली नावाचे मिनीबसवाले बेडवर होते. अपघातात बरगड्या मोडून एका बाजूला छातीत रक्त साठलेलं, श्वास यंत्रावर, शुद्ध नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यांची बायको आणि अर्धी वस्ती चटया टाकून देवाची गाणी म्हणत होती. छातीत नळी घालून रक्त काढायचं ठरलं. असं काही करण्याआधी सगळ्यांनी थांबून पेशंटचं नाव आणि बाजू मोठ्याने म्हणायची, हा नियम भिंतीवर लावलेला होता. पण पेशंटचा रंग बघून डॉक्टर घाईत होते. त्यांनी उजवी बाजू पुसली आणि सुरी मागितली.

उनाइसी थबकली. सकाळी अंग पुसायच्या आधी तिने पायथ्याशी उभं राहून पाहिलं होतं. डावीकडची छाती हलत नव्हती. डावीकडची! आता धडधाकट बाजूलाच सुरी लागली, तर उरलेला श्वासही जाणार.

"अरे ताउवू, बाजू चुकतेय," ती म्हणाली.

"माणसाला दोन बाजू असतात हे नाम्बुलीच्या लोकांना कळलं?" डॉक्टर मास्कमधून खदखदले.

"खरंच सांगतेय. डावी आहे."

"ऐका! आता ही मला छाती शिकवणार!"

"मला काळजी वाटते," उनाइसी म्हणाली. सुनीलाला हसू फुटलं. "मला अस्वस्थ वाटतंय."

डॉक्टरांचे खांदे हसून हलत होते. "हे सुरक्षित नाही, थांबा! मी थट्टा करत नाहीये!" ती ओरडली, आणि ताउवूच्या तोंडून याहून मोठी थट्टा कुणी ऐकली नव्हती. सिस्टर यंत्राशी वाकल्या होत्या, त्याही हसत होत्या. डॉक्टरांनी सुरी टेकवायला हात खाली नेला.

तेव्हा उनाइसीला कळलं की दोन दिवसांत कमावलेलं तोंड कवडीच्या कामाचं नाही. तिच्या कुठल्याच शब्दावर आता कुणाचा विश्वास बसणार नव्हता. तिला रडू यायला लागलं.

ती खाली बसली. तिथेच, अतिदक्षता विभागाच्या फरशीवर, मांडी घालून. मान झुकवली, दोन्ही तळवे खोलगट केले आणि सावकाश टाळी वाजवली. घोगरी, जड टाळी. गावात सरदारापुढे विनंती मांडताना वाजवतात तशी. या टाळीत थट्टा नसते, हे तिथल्या तान्ह्या मुलालाही कळतं.

डॉक्टरांचा हात हवेत थांबला.

"डॉक्टरसाहेब," ती फरशीकडे बघत म्हणाली, "पाया पडते. एकदा बाजू बघा."

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी सुरी ट्रेमध्ये ठेवली. सिस्टरांनी एक्स-रे पुन्हा लावला. सोनोग्राफीचं यंत्र आणलं, आधी एका बाजूला फिरवलं, मग दुसऱ्या.

रक्त उजवीकडे होतं. डॉक्टर बरोबर होते.

"तू कुठे उभी होतीस गं सकाळी?" सिस्टरांनी हळूच विचारलं.

"पायथ्याशी." आणि बोलता बोलताच उनाइसीच्या डोक्यात प्रकाश पडला. पायथ्याकडून तिची डावी म्हणजे पेशंटची उजवी. फरशी फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं.

नळी बसली, रक्त आलं, यंत्रावरचे आकडे चढू लागले. उनाइसी कपाटामागे जाऊन मनसोक्त रडली. सिस्टर तिथे आल्या.

"पास आहेस. आणि तो गणवेश आधी बदल. फरशीवर बसतात का इथे?"

"पण मी चुकले, सिस्टर."

"थांबव म्हटलं होतं मी. बरोबर ठर असं कुठे म्हटलं?"

डॉक्टर मागेच उभे होते. आता यानुलेवूपर्यंत गोष्ट पोचणार, नाम्बुलीची पुढची तीन लग्नं या डाव्या-उजव्यावर साजरी होणार, हे उनाइसीला दिसत होतं. ती शिव्यांची वाट बघत राहिली. पण तो दारभर माणूस चेहरा पाडून उभा होता.

"तू चुकलीस म्हणून मी उद्या हसणार आहे," ते म्हणाले. "पोटभर हसणार. पण तू बरोबर असतीस ना, तर मी आज हसत हसतच त्याला मारला असता."

ते हात धुवायला गेले, कुणी न सांगता.

संध्याकाळी दुसऱ्या एका पेशंटला नळी घालायची होती. डॉक्टरांनी सुरी हातात घेतली आणि थांबले. त्यांनी ताउवू म्हटलं नाही, खेकडेचोर म्हटलं नाही.

"उनाइसी, कुठली बाजू?"

ती पायथ्यापासून निघाली, बेडला वळसा घालून उशाशी गेली, पेशंटसारखंच त्याच्या पायांकडे तोंड करून उभी राहिली आणि आपला डावा हात वर करून नीट बघितला. सुनीलाने ओठ चावले. कॉरिडॉरमधलं गाणं संपून दुसरं सुरू झालं, तरी डॉक्टर सुरी धरून तसेच उभे होते.

"डावी," ती म्हणाली.

"नक्की?"

तिने पुन्हा हात बघितला. "नक्की."

मग त्यांनी सुरी खाली नेली.