उठवलेला देव

जिवलीअक्काच्या घरी आलेल्या माणसाची लायकी बसायला काय मिळतं त्यावरून कळायची. तलाठी आला, वनखात्याचा माणूस आला, कुणी पांढऱ्या कपड्यांतला पुढारी आला, की अक्का अंगणात खाट टाकायची, तिच्यावर धुतलेली गोधडी अंथरायची आणि हात जोडून लांब उभी राहायची. साहेबलोक खूश व्हायचे. काय मान देतात हो हे लोक, असं एकमेकांना सांगायचे. हा मान नसून कुंपण आहे, हे त्यांतल्या एकाच्याही डोक्यात कधी शिरलं नाही. आपल्या माणसाला अक्का आत न्यायची, चुलीपाशी, जमिनीवर.

रोहिणीलाही पहिली दोन वर्षं खाटच मिळाली. ती पारोळ्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. चोपड्याच्या एका संस्थेत काम करायची. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या पाड्यांमधली म्हातारी, एकटी, आजारी माणसं नव्या जागी नीट लागावीत, हे तिचं काम. सातपुड्यातला अक्काचा पाडा त्यांतला शेवटचा उरलेला. घरं एकमेकांपासून लांब, ज्याचं त्याच्या शेतात. पण हाक मारली तर पोचेल इतकीच लांब. तिसऱ्या वर्षी एकदा रोहिणी तापानं फणफणलेली असतानाही चढण चढून आली. अक्कानं तिच्याकडे पाहिलं, खाटेला हात लावला नाही आणि बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाली, "मजार ये, पोरी. चूलजोडे बठ."

त्या दिवशी रोहिणीला ताप चढलाय की आनंद, हे तिचं तिलाच कळेना.

अक्का विधवा, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ मंगा दोन्ही डोळ्यांनी आंधळा. तरी या दोघांचं शेत कधी पडीक राहिलं नाही. पेरणी आली की पाडा लाह घालायचा, म्हणजे सगळी घरं मिळून एकेकाच्या शेतात राबायची. मजुरी नाही, फक्त दुपारची भाकर. मंगानाना काठी टेकत अख्खा पाडा फिरायचा. कुणाची कोंबडी कशी ओरडते, कुणाच्या दाराशी कुठला ओहळ वाजतो, हे त्याला पाठ. पाडा होता म्हणून ही दोघं जगत होती. याहून मोठं सत्य त्या डोंगरात नव्हतं आणि ते अक्काला पुरतं ठाऊक होतं. शेजारचं एक गाव उठवलं तेव्हा त्याची माणसं चार दिशांना फेकलेली तिनं पाहिली होती. त्यामुळे पैसे वाढवा, घरं द्या, काहीही सांगा, पाडा हलत नव्हता.

हलण्याची किल्ली अक्काच्याच घरात होती, आणि तिनं ती एका दुपारी चुलीपाशी, मक्याची भाकर थापता थापता रोहिणीला सांगितली. पाड्याच्या टोकाला महूच्या झाडाखाली शेंदूर लावलेले दगड होते, पाड्याचा देव. तो सांभाळायचा मान अक्काच्या घराण्याचा.

"देव उठना का पाडा उठना," ती म्हणाली. "आन उठेल देव मांगे बठत नही. म्हनीसन मी त्याले हात लावत नही. बठ्ठा घरे एकजागे ऱ्हातीन, आसं कोनी सांगं, ते मंग दखसू."

उठलेला देव परत जागेवर बसत नाही, सगळी घरं एकत्र राहणार असली तरच तो उठेल, ही गोष्ट घेऊन रोहिणी धावत अभिमन सरांकडे गेली. संस्था सरांचीच. पारोळ्यात येऊन, तिच्या आबांपुढे मांडी घालून, "पोरीला माझ्याकडे द्या, लग्नाची घाई करू नका" म्हणून तिला मागून आणणारा हा माणूस. आंदोलनात डोक्यावर काठी खाल्लेला. भाषणं कमी, पायपीट जास्त. रोहिणीला या जगात दोघांचा शब्द प्रमाण होता, आबांचा आणि सरांचा. आणि खरं सांगायचं तर सरांचा जरा जास्तच.

"सर, जमीन एकाच ठिकाणी हवी. आणि आधी देवाला जागा. तेवढं झालं की सगळा पाडा येतो," ती म्हणाली.

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "देवाला चौथरा बांधू. पाडा फुटणार नाही. सांग त्यांना, माझा शब्द."

तिनं सांगितला. अक्कानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकदाच विचारलं, "पाडा फुटाव नही ना?"

"नही फुटाव, अक्का. सरसना शब्द शे."

"सरले मी वळखत नही," अक्का म्हणाली. "तू सांगी राहिनी का?"

"हा, मी सांगस."

होळी झाल्यावर देव उठला. ढोल वाजले, कोंबडा कापला, अक्कानं दगड नव्या टोपलीत घेतले, आणि तिच्यामागे अख्खा पाडा घरं मोडायला लागला. सागाचे खांब उतरले, कुडाच्या भिंती आडव्या झाल्या. पहिल्या ट्रकमध्ये देव, अक्का, मंगानाना आणि रोहिणी. बाकीचे ट्रक मागून.

चोपड्याच्या खाली, कापसाच्या शेतांना लागून पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा होत्या, काहींत दुसऱ्या गावांची उठवलेली माणसं आधीच राहत होती. पुढे सिमेंटचा चौथरा, रंग अजून ओला. अक्कानं देव बसवला आणि सगळे वाट बघत राहिले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मंगानाना कान देऊन बसला होता.

"हाई गाडी आमनी नही," तो म्हणायचा. "केळानी शे."

दिवस कलला तोवर चार घरांचं सामान आलं. बाकीचे ट्रक आलेच नाहीत. फाट्यावरून काही रावेरकडे वळवले, काही धुळ्याकडच्या वसाहतीत. अक्काचा पुतण्या बादल रावेरला गेला. रोहिणीनं सरांना फोनवर फोन लावले. अंधार पडता पडता त्यांनी उचलला. "तात्पुरतं आहे ग. जागेचा घोळ झालाय. दिवाळीपर्यंत सगळ्यांना एकत्र आणू. तू त्यांना धीर दे."

आणि या शहाण्या मुलीनं धीर दिला! प्रत्येक आठवड्याला दिला. पेरणी आली तेव्हा अक्काच्या वाट्याच्या रानात लाह घालायला चार घरं पुरली नाहीत. रान पडीक राहिलं. सगळ्या दारांचा पत्रा सारखाच वाजायचा, म्हणून मंगानाना एकदा भलत्याच्याच खोलीत शिरला आणि लोकांनी त्याला चोर म्हणून ढकललं. तेव्हापासून तो उंबऱ्याबाहेर पडेना. तरी अक्का रोहिणीला चुलीपाशीच बसवायची आणि विचारायची, "बादलना घरना कव्हय येतीन?" रोहिणी सांगायची, "दिवाळीले, अक्का."

दिवाळीच्या तोंडावर धुळ्यात सरांचा सत्कार झाला. हॉल भरलेला, हार, शाल, फोटो. सर बोलायला उभे राहिले.

"डोंगरातला माणूस नोटिशीनं हलत नाही," ते म्हणाले. "पैशानंही हलत नाही. आधी त्याचा देव हलवा. देव हलला की माणूस आपोआप ट्रकमध्ये बसतो, आणि ट्रक कुठे न्यायचा ते आपल्या हातात." लोक हसले. टाळ्या पडल्या. "आणि ही युक्ती मला कुणी दिली? आमच्या रोहिणीनं. ये ग वर."

ती कशी वर गेली, तिला कळलं नाही. कुणीतरी तिच्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, जरा हसा."

खाली वरणबट्टीच्या पंगती बसल्या होत्या. वांग्याच्या भाजीचा वास सुटलेला. तिनं सरांना जिन्यापाशी गाठलं.

"एका ठिकाणी जमीन नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्यापासून माहीत होतं," सर शांतपणे म्हणाले. त्यांना लपवावंसंही वाटलं नाही. "पाणी चढत होतं. माणसं बुडाली असती, चाललं असतं?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं, तर तुझ्या तोंडून ते खरं वाटलं नसतं." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रागावू नकोस. स्टेजवर तुझं नाव घेतलं ना मी?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. सुरी असती तर निदान दिसली तरी असती. इतकी वर्षं ज्याला बापाहून मोठं मानलं, त्यानं तिच्या खरेपणालाच आमिष म्हणून गळाला लावलं होतं. तिला रडू आलं नाही. तिला स्वतःच्या आवाजाचीच किळस आली. शाल आणि नारळ तिनं जिन्याच्या कठड्यावर ठेवले आणि ती न जेवता निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अक्काच्या खोलीत गेली. अक्कानं चुलीपाशी जागा केली. रोहिणी बसली आणि तिनं सगळं सांगितलं, काही राखलं नाही. कुणीच येणार नाही. दिवाळीलाही नाही, कधीच नाही. सरांना आधीपासून माहीत होतं. देवाची गोष्ट त्यांना तिनंच सांगितली होती.

कोपऱ्यातून मंगानाना म्हणाला, "तर बादल येवाव नही?"

"नही, नाना."

अक्कानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "म्हंजे मन्हाच हाते पाडा फुटना," ती म्हणाली.

"अक्का, माले माहीत नव्हतं. मन्ही शप्पथ..."

अक्कानं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. शिव्या घरच्या माणसाला देतात. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. भिंतीला उभी केलेली खाट तिनं एकटीनं उचलून बाहेर नेली. मग पेटीतून धुतलेली गोधडी काढली, खाटेवर अंथरली, कोपरे हातानं सारखे केले आणि थोडी लांब जाऊन उभी राहिली. हात जोडले.

"बाहेर या," ती म्हणाली. "बठा, म्याडम."