तिसरी हाक

“धुरपताबाई.”

धुरपता हलली नाही. गुरुपादप्पांनी दुसऱ्यांदा हाक मारली, मग तिसऱ्यांदा; तेव्हा कुठे तिने ओ दिली. लातूर जिल्हा झाला, नवी कचेरी उघडली, तेव्हापासून या शिपाईणबाईची तऱ्हा सगळ्यांना पाठ झाली होती. कुणी तिला बहिरी म्हणे, कुणी माजोरी. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

गुरुपादप्पा कचेरीतले अव्वल कारकून आणि पक्ष्यांपायी वेडे. शिरूर अनंतपाळकडचा माळ दाखवायला त्यांना माहितगार हवा होता आणि धुरपताचं माहेर तिथलंच. दोनदा तिने नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचाच नियम तिच्या अंगाशी आला.

थंडीतला रविवार, आणि नशीब असं जोरावर की सकाळीच तळ्याकाठी करकोच्यांचा थवा उतरलेला. पुढे बाभळीवर कधी न दिसणारा ससाणा. अप्पा हरखून गेले होते, सारखी दुर्बीण तिच्या हातात देत होते. धुरपताला मात्र पक्षी दिसत नव्हते. तिला दुष्काळातला माळ दिसत होता.

बहात्तरला इथंच ती आणि तिची थोरली बहीण भामा खडी फोडायला यायच्या. एका संध्याकाळी वाळक्या गवतातून कुणी हुंकारल्यासारखा आवाज आला. भामाला वाटलं, कुणीतरी बोलावतंय. “ओ,” ती म्हणाली आणि निघाली. ती परतलीच नाही. गावाने माळ पालथा घातला, पण सापडली फक्त तिच्या डोक्यावरची चुंबळ. माय म्हणाली, चकव्याने नेली. चकवा तिसऱ्यांदा हाक मारत नाही, तवा तिसरीलाच ओ देत जा. घर बुद्धाचं झालं होतं, देव सगळे नदीत सोडले होते. चकवा तेवढा घरात राहून गेला होता.

दिवस कलला. अप्पा परतायला उठले आणि तोच आवाज आला. हूंम.

धुरपता आवाजाकडे वळली. गवतातून कमरेइतका उंच पक्षी बाहेर आला. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. मान ताणून तो पुन्हा हुंकारला आणि सावकाश चालू लागला.

“माळढोक,” अप्पा कुजबुजले. “ह्याच्यापायी उमर गेली माझी, धुरपताबाई. लई नशीब आपलं.”

“हेच वरडलं का?”

“हेच. म्हणून तर ह्याला हूम म्हणतेत.”

ती मटकन खाली बसली. इतकी वर्षं ती चकव्याला भ्याली होती, मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होती. पण भामा कुणाच्या तरी हाकेला गेली, एवढा आधार त्यात होता. आता तोही गेला. भामाला कुणी बोलावलंच नव्हतं.

काय झालं, असं अप्पांनी विचारलं. काही न्हाई, पाय दुखतेत, म्हणाली.

पक्षी गवतात शिरला. अप्पा एसटीच्या वाटेला लागले. धुरपता मागे राहिली आणि माळाकडे तोंड करून तिने हाक मारली, “भामाक्का.” पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली आणि थांबली. माळावर वारं होतं, बाकी काही नव्हतं.

“धुरपताबाई,” लांबून अप्पांनी हाक दिली आणि सवयीने पुढच्या दोन हाकांसाठी श्वास घेतला.

“ओ,” ती म्हणाली आणि निघाली.