नाव नसलेल्यांची वाट

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कपाटातली नव्हे, संगणकातली. एका रुग्णालयाच्या रक्तपेढीचं संकेतस्थळ जावा नावाच्या संगणकभाषेत बांधलेलं आहे. तिथे आलेल्या प्रत्येक मागणीने कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी चढायची, हे माझ्यात लिहिलेलं असतं. आधी ओळख, मग तपासणी, मग नोंद आणि शेवटी उत्तर. माझ्या हुकमाशिवाय तिथे पान हलत नाही, हे मी जरा तोऱ्यातच सांगते.

मला लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरबाई मोठ्या चिकाटीच्या. संकेतस्थळ ज्या आयत्या चौकटीवर उभं होतं, तिच्यात सगळ्या मागण्यांना एकच वाट होती. बाईंनी आठ दिवस रक्तपेढीत बसून काम पाहिलं आणि तातडीच्या मागण्यांसाठी माझ्यात वेगळी वाट आखली. त्या वाटेवर रक्ताच्या नमुन्याचा क्रमांक आधी तपासायचा, नाव-पत्ता सवडीने. डॉक्टरांनी बाईंची पाठ थोपटली. मी मात्र ते कौतुक माझंच समजले.

पुढे बाई निवृत्त झाल्या. नवे इंजिनिअर आले, हुशार आणि टापटिपीचे. मला उघडून ते म्हणाले, "एकाच कामाला दोन वाटा कशाला? काढून टाकू." का, ते मला ठाऊक होतं, पण बाईंनी ते माझ्यात लिहिलंच नव्हतं. तातडीच्या वाटेच्या चौदा ओळी गेल्या. मला फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी अपघात विभागातल्या परिचारिकेने रक्ताची मागणी पाठवली. रस्त्यावर सापडलेले एक गृहस्थ बेशुद्ध होते. मागणी परत आली : 'नाव भरा.' दुसऱ्यांदाही तेच. तिने थेट इंजिनिअरांना फोन लावला.

"अहो, नाव कुठून आणू? पेशंट शुद्धीवर नाही. रक्त आत्ता हवंय."

इंजिनिअरांचा चेहरा खर्रकन उतरला. "पाच मिनिटं द्या, सिस्टर. चूक माझी आहे."

त्यांनी माझी जुनी प्रत काढली आणि चौदाही ओळी जागेवर बसवल्या. चौथ्या मिनिटाला मागणी मार्गी लागली, रक्ताच्या पिशव्या निघाल्या. मग त्यांनी त्या ओळींच्या वर स्वतः लिहिलं : 'बेशुद्ध माणसाला नाव विचारता येत नाही.'

मित्रांनो, जुनं खुशाल बदला, पण ते कुणासाठी केलं होतं हे आधी विचारा. स्वतः काही कराल, तेव्हा त्याचं कारणही लिहून ठेवा. आम्हा फायलींना बोलता येत नाही.

रक्त मिळाल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी डोळे उघडले आणि परिचारिकेने नोंदीत त्यांचं नाव भरलं.