उघडं फाटक

"फाटक कुणी उघडं टाकलं?" मुलगा रस्त्यातूनच ओरडला.

कडेला तांबडी गाय मरून पडली होती. गाभण होती, व्यायला चार दिवसांवर आलेली. ट्रकवाला डोक्याला हात लावून बसला होता आणि बाकीचा कळप, जणू काही झालंच नाही अशा थाटात, शेजाऱ्याच्या मक्यात चरत होता. बघ्यांची गर्दी जमत होती.

म्हातारबा काठी टेकत मागून आले. सकाळी कुरणात एक चक्कर मारायची, ही त्यांची जन्माची सवय. आजही मारली होती. परतताना एका हातात काठी, दुसऱ्या हातात बादली. कडी मागाहून लावू म्हणाले आणि ते मागाहून राहूनच गेलं. त्यांना लख्ख आठवलं.

ते बोलणार, तेवढ्यात मुलगा बायकोकडे वळला. "चारा टाकायला तूच गेली होतीस ना?"

सुनेनं सासऱ्यांकडे एकदा पाहिलं. "हो. विसरले असेन."

"विसरले असेन म्हणे! डोकं कुठं गहाण टाकलंयस?"

चारचौघांत तो तिला वाटेल ते बोलला. म्हातारबा उभे राहिले. बोलले नाहीत.

याला कारण होतं. मागे त्यांनी हौदाचा नळ रात्रभर चालू ठेवला होता, तेव्हा मुलानं स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, आता पुन्हा काही झालं तर गुरांत पाऊल टाकायचं नाही. सरळ ताईकडे शहरात राहायला जायचं." शहरात ताईचं घर सातव्या मजल्यावर होतं.

आणि म्हातारबांचं अख्खं आयुष्य गुरांत गेलेलं. बापानं दिलेल्या दोन मरतुकड्या गायींपासून त्यांनी कळप उभा केला. त्यावर मुलं शिकवली, मुलीचं लग्न केलं, बायकोचं दुखणं काढलं. ती गेली त्या दिवशीसुद्धा आधी धारा काढल्या, कारण कास तटतटलेल्या जनावराला आपलं दुःख काय कळणार! अंधारात नुसत्या खोकण्यावरून कोणती गाय ते सांगत. देवावर श्रद्धा तशीच, आडपडदा नसलेली. प्रार्थनाघरात वर्षानुवर्षं तेच पुढे उभं राहून प्रार्थना सांगत आणि खरं बोलावं, असं पोराबाळांना बजावत.

आता ताटाशी प्रार्थनेला डोळे मिटले की सुनेचा चेहरा समोर यायचा.

तिसऱ्या दिवशी ते गोठ्यात गेले. सून शेण ओढत होती.

"पोरी, ते फाटक..."

"बाबा, पाय जरा बाजूला घ्या."

"मीच उघडं..."

"माहितीये मला. खिडकीतून दिसत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं फावडं भिंतीला टेकवलं. "मला बोलणी खायची सवय आहे, बाबा. तुम्हाला गुरांशिवाय राहायची नाही."

ती सहज बोलून गेली. तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. ती सवय लावण्यात आपलाही हात होता, हे म्हातारबांना कळत होतं. दूध उतू गेलं, बोला सुनेला. वासरू लंगडलं, बोला सुनेला. ते मान खाली घालून बाहेर आले.

सुट्टीच्या दिवशी सगळे प्रार्थनाघरात जमले. पायऱ्यांवरच शेजारीण सुनेला म्हणाली, "काय गं, आज घराचं दार तरी लावून आलीस ना?"

बायका खिदळल्या. सूनही हसली. तिचं ते हसणं म्हातारबांच्या काळजात रुतलं.

ते पुढे जाऊन उभे राहिले. नेहमीसारखे सगळे डोळे मिटून थांबले.

"डोळे उघडा जरा," म्हातारबा म्हणाले. "फाटक माझ्या सुनेनं नाही, मी उघडं टाकलं. गाय माझ्यामुळे मेली. ही बोलणी खात होती आणि मी तिथंच गप्प उभा होतो. भ्यालो मी."

मग पुढच्या बाकावरचे मास्तर म्हणाले, "अहो, वय झालं. चालायचंच!"

"तर काय," शेजारीण डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "केवढं मोठं मन!"

माना हलल्या. कुणी त्यांचा हात हातात घेतला. सुनेला ज्या चुकीसाठी पायऱ्यांवर हसले होते, तीच चूक त्यांना एका क्षणात माफ झाली, वर कौतुकही झालं. म्हातारबांना जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. मुलगा तेवढा मान वर करत नव्हता.

"आज प्रार्थना दुसऱ्या कुणी सांगा," ते म्हणाले आणि खाली उतरले.

आपल्या जागेवर न थांबता ते थेट शेवटच्या बाकापर्यंत गेले. सून गडबडून उठायला लागली.

"बस. थोडी सरक फक्त."

ती सरकली. मग हळूच म्हणाली, "आता ताईंकडे पाठवतील हो तुम्हाला."

"पाठवू देत."

पुढे मास्तरांनी चाचरत सुरुवात केली. इथून देवाची वेदी दिसत नव्हती, लोकांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. शेजारी सून प्रार्थना म्हणू लागली. तिचा आवाज जाडसर होता, शब्द मात्र एकही चुकत नव्हता. इतकी वर्षं पुढे उभं राहून त्यांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता.

म्हातारबांनी हात जोडले आणि तिच्या मागून एकेक शब्द म्हणू लागले.