विकणारीचा पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. माहूल गावच्या महादूने मोडक्या होडीच्या फळीतून मला तासलं, बुटके पाय ठोकले आणि आपल्या बायकोला, पुतळाबाईला दिलं. चेंबूरच्या मासळीबाजारात तिच्या बसण्याखाली माझी उभी हयात गेली.

आमच्या कोळ्यांत होडी पुरुषांची, पण मासळी किनाऱ्याला लागली की बायकांची. भाव पुतळाबाई सांगायची आणि पैसाही तिच्याच कमरेला असायचा. सासूची बाजारातली जागा पुढे सुनेला मिळते, अशी रीत. पुतळाबाई कधी बसते, कधी उठते, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. मला मासळीचा वास लागलेला, तरी माझा रुबाब काही कमी नव्हता.

पुढे खाडीतली मासळी आटत गेली. पाटी अर्धी भरली तरी दिवस चांगला म्हणायची पाळी आली. तेव्हा पुतळाबाईची सून कल्पिता हिने मुलुंडच्या एका कपड्यांच्या दुकानात नोकरी धरली. पगार महिन्याच्या महिन्याला, डोक्यावर पंखा. नियम एकच, विक्रीच्या मुलींनी बसायचं नाही. त्यांच्यासाठी खुर्चीच ठेवलेली नव्हती.

कल्पिताला सहावा महिना लागला आणि संध्याकाळी सुजलेल्या पायांतून चपला निघेनात. दिवसभर उभं राहणं थांबलं नाही तर बाळाला धोका आहे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. पुतळाबाई म्हणाली, माझ्या जागेवर येऊन बस. पण तिथे जागा हक्काची असली तरी मासळीचा भरवसा नव्हता. दुकानात पगाराचा भरवसा होता, तर टेकायला जागा नव्हती. बिचारीने करावं तरी काय?

पुतळाबाईला साधं वाटलं, तिथे पाट नाही म्हणून पोर उभी राहते. तिने मला साबणाने घासलं, उन्हात वाळवलं आणि थेट मुलुंडला नेऊन काउंटरमागे मांडलं.

"बस गो पोरी," ती म्हणाली. "विकणारी बसते, घेणारा उभा रहातो. जगाची रीत हाय."

कल्पिता बसली. काउंटरच्या वर तिचा फक्त अंबाडा दिसत होता. दुकान सांभाळणारा प्रीतम धावत आला. माणूस वाईट नव्हता, तोही दिवसभर उभाच असायचा. मालक घरून कॅमेऱ्यात बघतात, बसलेली मुलगी गिऱ्हाईकाला आळशी वाटते, असं तो खाली मान घालून सांगत राहिला.

कल्पिता उठली नाही. "सर, गिऱ्हाईक आलं की मी उभी राहीन. एरवी बसेन. चालत नसेल तर सांगा."

प्रीतमने मालकाला फोन लावला, आणि उद्यापासून येऊ नको, असं त्याला तिला सांगावं लागलं. आपल्यापायी पोरीची नोकरी गेली म्हणून पुतळाबाईला रडू आवरेना. कल्पितानेच मला काखोटीला मारलं आणि सासूचा हात धरून बाहेर पडली. मला फार वाईट वाटलं. चांगल्या मनाने आणलेला मीच तिच्या रोजीवर उठलो होतो.

कल्पिताला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आता ती माझ्यावर बसून मासळी विकते. कधी पाटी भरते, कधी तळ दिसतो. मुलुंडच्या त्या काउंटरमागे आता दुसरी मुलगी उभी असते.

मित्रांनो, मला वर्षातून एकदा तेल चोळलं तरी पुरतं. माणसाच्या पायांना मात्र रोज विसावा लागतो. दुकानात गेलात की विकणाऱ्या ताईंना "बसा ना" म्हणा. हळू म्हणू नका, मालकाला ऐकू जाईल असं म्हणा.