अंगणातल्या पाट्या ठोकून थकलेला हातोडा

मी एक जुना हातोडा आहे. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या एका पोलादाच्या गावात माझा जन्म गेला. आता पार थकलोय. मित्रांनो, हातोड्याला पक्ष नसतो. पण माझ्या मालकाला, एमिलला होता, त्यामुळे घाव मलाच सोसावे लागले.

एमिल भट्टीवर कामाला होता. दर निवडणुकीला अंगणात कामगारांच्या बाजूच्या पक्षाची, गाढवाच्या निशाणीची पाटी ठोकायची, हा त्याच्या घरचा रिवाजच. बापानेही तेच केलेलं. युनियनचा माणूस दुसरं काय ठोकणार? शेजारचा लेव्हॉन त्याच भट्टीवरचा. तो खांब धरायचा, एमिल घाव घालायचा.

"बोटं सांभाळ रे! तुझ्या बायकोला काय सांगू?"

"सांग, पक्षाला दिली!"

दोघं खो खो हसायचे. गल्लीतले लोक पाटी सरळ बसली म्हणून माझं कौतुक करायचे. फार बरं वाटायचं हो.

मग भट्टी बंद पडली. पाटीवरचे साहेब आले, हात हलवून गेले. एमिल गोदामावर पहारेकरी झाला, लेव्हॉन शाळेत झाडू मारू लागला. मी तळघरात गंजत पडलो. त्या वर्षी कुणी पाटी ठोकलीच नाही.

पुढच्या निवडणुकीला एमिलने मला बाहेर काढलं. "लेव्हॉन, धर जरा!" त्याने हाक मारली. लेव्हॉन आला, पाटीवर विरोधी पक्षाचा हत्ती पाहिला आणि थबकला.

"हे काय? तू?"

"का? तुझ्या गाढवांनी काय दिवे लावले?"

"आणि हे लावणार? युनियनच्या मुळावर उठलेले हेच ना?"

"निदान माझ्या दारात तरी आले."

"माझ्या नाही आले," लेव्हॉन म्हणाला आणि कुंपणापलीकडे निघून गेला.

एमिलने पाटी एकट्यानेच ठोकली. ती वाकडी बसली. हत्तीवाले जिंकले, पण भट्टी उघडली नाही. पुढे एमिलने एकदा इकडची, एकदा तिकडची पाटी लावून पाहिली. शेवटी "खड्ड्यात जा सगळे" म्हणून मला गाडीच्या सीटखाली टाकलं. पण दोघांचा अबोला तसाच राहिला. कुंपणाशी उभे राहून एकमेकांकडे न बघणारे ते दोन म्हातारे पाहून माझा जीव तुटायचा.

गेल्या मतदानाच्या दिवशी लेव्हॉन काठी टेकत बसथांब्याकडे निघाला होता. त्याचा गुडघा कामातून गेला होता. एमिलने गाडी थांबवली.

"बस, म्हातारड्या."

"मी कुणाला मत देणार, माहितीय ना?"

"जन्मभर माहितीय. बस आधी."

मतदान केंद्राच्या दारापाशी लेव्हॉनने विचारलं, "तू नाही येत?"

"कुणाला देऊ? मी कुणाचाच राहिलो नाही."

"मला तरी ते कुठे आपले वाटतात? पण मत दिलं नाही ना, तर आपण इथे राहतो हेसुद्धा त्यांच्या लक्षात राहणार नाही."

 एमिलने इंजिन बंद केलं आणि लेव्हॉनला हात देऊन खाली उतरवलं.

एमिलने कुणाला मत दिलं, मला ठाऊक नाही. येताना मात्र दोघं घरापर्यंत कडाकडा भांडले. गाढव, हत्ती, भट्टी, पेन्शन, काही म्हणून सोडलं नाही. इतक्या वर्षांत माझे कान असे कधी निवले नव्हते.

मित्रांनो, मला तेलपाणी केलंत तर उपकार होतील, नाही केलंत तरी चालेल. पण शेजाऱ्याशी भांडण झालं, तर बोलणं तेवढं बंद करू नका.